सिगरेट ओढत असाल किंवा पूर्वी ओढली असेल तर आपली महाधमनी कशी सांभाळायची

सिगरेट म्हटलं की लोकांना फुफ्फुसं आठवतात, कॅन्सर आठवतो, फार तर हार्ट अटॅक. महाधमनी म्हणजे एओर्टा कुणाच्या डोक्यातच येत नाही आणि मला ह्याचंच फार वाईट वाटतं, कारण पोटातल्या एओर्टाला फुगवटा येण्याची जी कारणं आपल्या हातात आहेत त्यात धूम्रपान एक नंबरला आहे, बाकीची सगळी बरीच मागे. हा फुगवटा (डॉक्टर त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात) वर्षानुवर्षं कसलाही त्रास न देता वाढत राहतो आणि फुटला की दहातले जवळजवळ आठ जण वाचत नाहीत, कित्येक तर हॉस्पिटलपर्यंत पोचतच नाहीत. आणि हाच फुगवटा फुटायच्या आधी साध्या सोनोग्राफीत दहा मिनिटांत दिसतो. इतकी सोपी तपासणी असून माणसं जातात, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

जे आत्ता ओढतात त्यांनी वाचाच, पण ज्यांनी पंधरा वर्षांपूर्वी सोडली आणि आता विषय संपला असं धरून चाललेत त्यांनी जास्त लक्ष देऊन वाचा. आणि ज्यांना आमवात, ल्युपस, सोरायसिस असलं काही ऑटोइम्यून (म्हणजे शरीराची प्रतिकार यंत्रणा स्वतःवरच उलटते असं दुखणं) आहे आणि वर सिगरेटही चालू आहे, त्यांच्यासाठी खाली वेगळं लिहिलंय. औषधांचे निर्णय अर्थातच तुमच्या डॉक्टरांबरोबर बसून घ्यायचे, इथे काय विचारायचं आणि काय मागायचं ते सांगते.

आधी आत काय चाललंय ते समजून घ्या

एओर्टा हृदयाच्या डाव्या कप्प्यातून निघते, वर जाऊन कमान घेते, मग मणक्याच्या पुढून छातीतून पोटात उतरते आणि बेंबीच्या आसपास तिचे दोन फाटे होऊन ते पायांकडे जातात. पोटात तिची जाडी साधारण २ सेंटीमीटर असते. भिंत तीन थरांची, मधल्या थरात इलॅस्टिनचे आणि कोलॅजनचे धागे. प्रत्येक ठोक्याला भिंत ताणली जाते आणि परत जागेवर येते ती इलॅस्टिनमुळे, आणि हद्दीबाहेर फुगत नाही ती कोलॅजनमुळे. दिवसाला लाखभर ठोके, म्हणजे काम किती बघा. आणि हे इलॅस्टिन जवळजवळ सगळं लहानपणीच तयार होतं, मोठेपणी शरीर ते नव्याने धड बनवत नाही. कपड्यातलं इलॅस्टिक सैल पडलं तर काढून दुसरं घालता येतं, इथे ती सोय नाही, जे आहे तेच आयुष्यभर पुरवायचं. त्यातून किडनीच्या धमन्या जिथून निघतात त्याच्या खालच्या भागात इलॅस्टिनचे थर मुळातच कमी असतात, म्हणून पोटातले बहुतेक फुगवटे तिथेच येतात.

आता धूर आत गेला की काय होतं. धुरात हजारो केमिकल्स असतात, फुफ्फुसातून ती रक्तात उतरतात आणि प्रतिकार यंत्रणा सतत जागी राहते, नेहमी ओढणाऱ्या माणसाच्या ब्लड रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी थोड्या जास्तच दिसतात ते ह्यामुळे. ह्या पेशींकडे इलॅस्टिन कापणारी एन्झाइम्स असतात. एरवी त्यांना आवरायला रक्तात अल्फा-१ अँटीट्रिप्सिन नावाचं प्रोटीन फिरत असतं, पण धूर नेमकं तेच प्रोटीन निकामी करतो. म्हणजे कापणारे वाढले आणि आवरणारा कमी झाला, दोन्ही एकाच झुरक्यात.

आणि इथून ऑटोइम्यून प्रकार सुरू होतो. इलॅस्टिन तुटलं की त्याचे जे बारीक तुकडे पडतात ते स्वतःच पांढऱ्या पेशींना बोलावतात, आलेल्या पेशी आणखी इलॅस्टिन तोडतात, आणखी तुकडे, आणखी पेशी. फुगलेल्या एओर्टाची भिंत मायक्रोस्कोपखाली बघितली तर बाहेरच्या थरात टी पेशी आणि बी पेशी (पांढऱ्या पेशींचेच प्रकार) गर्दी करून बसलेल्या दिसतात, कधीकधी तर लिम्फच्या गाठीसारखे छोटे पुंजके तयार झालेले असतात, भिंतीत अँटीबॉडी साठलेल्या सापडतात. म्हणजे बाहेरच्या जंतूंसाठी असलेली यंत्रणा स्वतःच्याच रक्तवाहिनीवर काम करतेय. २००७ मध्ये ह्यूस्टनच्या संशोधकांनी धूम्रपानामुळे एम्फिसीमा (फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्या खराब होणं) झालेल्या लोकांमध्ये स्वतःच्याच इलॅस्टिनविरुद्धच्या टी पेशी आणि अँटीबॉडी दाखवल्या. ते काम फुफ्फुसाचं होतं, पण इलॅस्टिन दोन्हीकडे असतं, आणि सीओपीडी (फुफ्फुसाचा दम लागणारा जुनाट आजार, एम्फिसीमा त्यातच येतो) असलेल्या लोकांत एओर्टाचा फुगवटाही जास्त सापडतो, तेव्हा दोन्ही गोष्टी एकमेकींपासून फार लांब नाहीत असं मला वाटतं. उंदरांवरच्या एका प्रयोगात तर धुरात ठेवलेल्या उंदरांच्या पांढऱ्या पेशी धूर कधीच न बघितलेल्या उंदरांत घातल्या तरी त्यांच्यातले फुगवटे मोठे झाले. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा नीट उमगलं की सिगरेट सोडल्यावरही धोका लगेच का उतरत नाही, धूर गेला तरी त्याने शिकवलेल्या पेशी काही काळ राहतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करते. ह्यावरून एओर्टाचा नेहमीचा फुगवटा म्हणजे सरळ ऑटोइम्यून रोगच, असं म्हणायची घाई करू नका. ऑटोइम्यूनची लक्षणं त्यात आहेत, पण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देऊन हा फुगवटा थांबतो असं दिसलेलं नाही. ती कापणारी एन्झाइम्स अडवायला म्हणून डॉक्सिसायक्लिन हे अँटीबायोटिक देऊन बघितलं, २०२० मध्ये त्या मोठ्या ट्रायलचा निकाल आला आणि छोट्या फुगवट्यांची वाढ काही कमी झाली नव्हती. त्यामुळे कुणी इम्युनिटीचं अमुक घ्या म्हणजे एओर्टा सुधारेल म्हणून काही विकत असेल तर घेऊ नका. वाढीचा वेग कमी करणारी आपल्या हातातली सगळ्यात भक्कम गोष्ट सिगरेट सोडणं हीच आहे.

आपला धोका किती ते कागदावर लिहा

खरंच कागद घ्या, कारण डॉक्टरांसमोर बसलं की निम्मं विसरायला होतं. वय लिहा. किती वर्षं ओढली, दिवसाला किती, कधी सोडली ते लिहा. अमेरिकेत आयुष्यात एकूण १०० सिगरेट ओढल्या असतील तरी त्या माणसाला धूम्रपान केलेला धरतात, तेव्हा 'मी कॉलेजात थोडी ओढायचो' हेही लिहायचंच. पाइप, सिगार, हुक्का लपवू नका. आईन्स्टाइन आयुष्यभर पाइप ओढायचे, १९४८ मध्ये त्यांच्या पोटातल्या एओर्टाला मोठा फुगवटा सापडला, रुडॉल्फ निसेन नावाच्या सर्जनने तो सेलोफेनमध्ये गुंडाळला कारण तेव्हा दुसरं काही करता येत नव्हतं, आणि एप्रिल १९५५ मध्ये तो फुटून ते गेले.

मग पुढे लिहा: आईवडील, भाऊबहीण ह्यांच्यापैकी कुणाला एओर्टाचा फुगवटा होता का, किंवा कुणी अचानक पोट-पाठ दुखून काही तासांत गेलं होतं का. बीपी, कोलेस्टेरॉल, हृदयाच्या धमन्यांत ब्लॉकेज, सीओपीडी. गुडघ्याच्या मागच्या धमनीत फुगवटा असेल तर एओर्टा तपासलीच पाहिजे, हे दोन्ही बरेचदा बरोबर असतात. पुरुषांमध्ये हा आजार बायकांपेक्षा कितीतरी जास्त, पण बायकांचा फुगवटा त्यामानाने लहान असतानाच फुटतो, म्हणून 'हा पुरुषांचा आजार' म्हणून सिगरेट ओढणाऱ्या बाईने सोडून देऊ नये. डायबेटिस असलेल्यांत एओर्टाचा फुगवटा उलट कमी दिसतो, हे विचित्र आहे पण खरंय, मात्र त्याच्या भरवशावर कुणी राहू नये, कारण डायबेटिस आणि सिगरेट मिळून हृदय आणि पायांच्या धमन्यांचं जे करतात ते भयानक असतं.

सोनोग्राफी कशी मागायची आणि रिपोर्ट कसा वाचायचा

६५ ते ७५ वयाचा पुरुष आणि कधीही धूम्रपान केलेलं असेल तर एकदा पोटाच्या एओर्टाची सोनोग्राफी करून घ्यायची असा अमेरिकेतला सल्ला आहे. ब्रिटन आणि स्वीडनमध्ये ६५ वर्षांच्या सगळ्याच पुरुषांना बोलावतात, ओढत असो वा नसो. ह्यामागे ब्रिटनमधली मोठी ट्रायल आहे, जवळपास ६८ हजार पुरुषांची, २००२ मध्ये निकाल आला, ज्यांना तपासणीला बोलावलं त्यांच्यात ह्या आजाराने होणारे मृत्यू चारेक वर्षांत सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. घरात जवळच्या नात्यात कुणाला असेल तर ह्या वयाआधीच डॉक्टरांना विचारा.

तपासणीला जाताना काही तास पोट रिकामं ठेवा, गॅस असला की एओर्टा नीट दिसत नाही. रेडिएशन नाही, सुई नाही. पण एक चूक फार होते, पोटाची साधी सोनोग्राफी केली की लिव्हर, किडनी, पित्ताशय सगळ्याची मापं येतात आणि एओर्टाबद्दल एक ओळसुद्धा नसते. म्हणून आधीच सांगायचं: 'एओर्टाचा जास्तीत जास्त व्यास मोजून रिपोर्टमध्ये आकडा लिहा.' नॉर्मल एवढाच शेरा घेऊन घरी येऊ नका, आकडा हवा. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि काही लागलं नाही तर तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका, छोटा फुगवटा हाताला लागत नाही, पोट मोठं असेल तर मोठाही लागत नाही.

आकडा ३ सेंटीमीटरच्या खाली असेल तर फुगवटा नाही. २.५ ते २.९ च्या मधे आला तर काही वर्षांनी परत बघायला सांगतात. ३ किंवा त्याच्या वर म्हणजे फुगवटा, पण म्हणून लगेच ऑपरेशन नाही, घाबरून जाऊ नका. पुरुषांत ५.५ आणि बायकांत साधारण ५ सेंटीमीटरला ऑपरेशनचा विषय निघतो. त्याआधी करून फायदा होतो का हे ट्रायल्समध्ये नीट तपासलंय, नाही होत, त्यामुळे 'बघत राहू' असं डॉक्टर म्हणाले तर ते टाळाटाळ करतायत असं समजू नका. किती दिवसांनी परत मोजायचं हे देशादेशात वेगळं आहे. ब्रिटनमध्ये ४.४ पर्यंत वर्षा-दोन वर्षांनी एकदा आणि ४.५ ते ५.४ ला दर तीन महिन्यांनी, अमेरिकेतल्या सर्जन लोकांचं म्हणणं ३ ते ३.९ ला तीन वर्षांनी, ४ ते ४.९ ला वर्षाने आणि त्यापुढे सहा महिन्यांनी. तुमच्या डॉक्टरांनी जो अवधी दिलाय तो कॅलेंडरवर टाका, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवरही रिमाइंडर लावा, कारण काही दुखत नसलं की आपण सगळेच पुढे ढकलतो.

दोन रिपोर्टची तुलना करताना एवढं लक्षात ठेवा की मोजण्यातच दोनतीन मिलिमीटर इकडेतिकडे होतात, आणि सीटीवरचं माप सोनोग्राफीपेक्षा बरेचदा जरा जास्त येतं. म्हणून शक्यतो एकाच पद्धतीने, एकाच ठिकाणी मोजा. पण वर्षात १ सेंटीमीटर वाढ असेल तर आकडा ५.५ च्या खाली असला तरी वॅस्क्युलर सर्जनला (रक्तवाहिन्यांच्या सर्जनला) दाखवायचंच. आणि पोटाच्या सोनोग्राफीत छातीतली एओर्टा दिसत नाही हेही लक्षात असू द्या, तिच्यासाठी इको, सीटी किंवा एमआरआय लागतो.

ऑटोइम्यून आजार आधीच असेल तर

आमवातात धुराचा हात चांगलाच सिद्ध झालाय. धुरामुळे फुफ्फुसातली प्रोटीन्स बदलतात, विशिष्ट जीन्स असलेल्यांची प्रतिकार यंत्रणा त्या बदललेल्या प्रोटीनविरुद्ध अँटीबॉडी बनवते, आणि ह्या अँटीबॉडी सांधे दुखायला लागायच्या कित्येक वर्षं आधीपासून रक्तात असू शकतात. ओढत राहणाऱ्यांना आमवाताची औषधंही कमी लागू पडतात. ल्युपस, सोरायसिस, आतड्याचा क्रोन्स आजार, थायरॉइडमुळे होणारा डोळ्यांचा त्रास, सगळीकडे सिगरेट नुकसानच करते. अपवाद अल्सरेटिव्ह कोलायटिसचा (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा), त्यात सिगरेट सोडल्यावर त्रास थोडा उफाळू शकतो, तर सोडायच्या आधी आपल्या पोटाच्या डॉक्टरांना सांगून ठेवा, पण त्या कारणाने ओढत राहू नका.

काही आजारांत तर प्रतिकार यंत्रणा थेट एओर्टाच्या भिंतीवरच येते. ताकायासू आर्टरायटिस (आर्टरायटिस म्हणजे धमनीची सूज, सांध्यांची नव्हे) बहुतेक चाळिशीच्या आतल्या बायकांना होतो, हात वर करून काम केलं की दुखतो, एका हाताची नाडी लागत नाही, दोन हातांच्या बीपीत मोठा फरक असतो, बारीक ताप आणि वजन कमी होत राहतं. जायंट सेल आर्टरायटिस पन्नाशीनंतर होतो, नवीनच डोकेदुखी, केस विंचरताना टाळू दुखणं, चावताना जबडा भरून येणं, आणि नजर अचानक अंधुक झाली तर त्याच दिवशी, अगदी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, नाहीतर डोळा जाऊ शकतो. हा आजार झालेल्यांना पुढे छातीतल्या एओर्टाचा फुगवटा येण्याचा धोका जास्त असतो, म्हणून स्टिरॉइड संपून बरं वाटायला लागल्यावरही एओर्टाचं स्कॅन किती वर्षांनी करायचं हे विचारून ठेवा. तिसरा प्रकार म्हणजे सुजेचा फुगवटा, त्यात भिंत खूप जाड होते, आजूबाजूला घट्ट तंतू तयार होतात आणि मूत्रवाहिन्याही त्यात अडकू शकतात. तो नेहमीच्या फुगवट्यासारखा गप्प नसतो, पोट-पाठ दुखते, वजन उतरतं, ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी) वाढलेला असतो, आणि हे पेशंट बहुतेक सिगरेट ओढणारेच असतात.

घरी करण्यासारखं म्हणजे बीपी एकदा दोन्ही हातांत मोजा. वरच्या आकड्यात १५-२० चा फरक येतोय आणि परत मोजल्यावरही तसाच येतोय तर तो लिहून डॉक्टरांना दाखवा. ह्या आजारांत, नेहमीच्या फुगवट्यासारखं नाही, स्टिरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं खरंच उपयोगी पडतात, म्हणूनच नेमकं कुठलं दुखणं आहे हे ठरणं महत्त्वाचं.

आता सोडायची कशी

आधी आकडे, कारण मला ह्या आकड्यांनीच पटतं. छोटा फुगवटा सरासरी वर्षाला २ मिलिमीटरच्या थोडा वर वाढतो. सिगरेट चालू असेल तर त्यात वर्षाला साधारण ०.३५ मिलिमीटरची भर पडते आणि फुटायचा धोका जवळजवळ दुप्पट होतो. दर वर्षी ही भर टाळली की ऑपरेशनची वेळ पुढे जाते, काही जणांवर ती येतच नाही. ज्यांना फुगवटा नाही त्यांचा धोका सोडल्यानंतर वर्षागणिक उतरत जातो, पण कधीच न ओढलेल्या माणसाच्या जवळ यायला दशकं लागतात, म्हणून पन्नाशीत सोडू म्हणणाऱ्या पस्तिशीतल्या माणसाचा हिशोब चुकतोय.

कमी करून भागणार नाही. दिवसाला वीसवरून पाचवर आलात तर धोका चौथ्या हिश्शावर येत नाही, रक्तवाहिन्यांचं नुकसान थोड्या सिगरेटींनीही बरंच होतं. तारीख ठरवा, पुढच्या दोन आठवड्यांतली. घरातल्यांना सांगा. त्या तारखेच्या आदल्या रात्री लायटर, अ‍ॅश ट्रे, खिशातलं-गाडीतलं पाकीट सगळं घराबाहेर.

औषधाशिवाय सोडणारेही असतात, पण औषधाने शक्यता चांगलीच वाढते, मग ती वाढवून का घेऊ नये. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागते का हे बघा, लागत असेल तर निकोटिनची सवय पक्की आहे, निकोटिनची गम ४ मिलिग्रॅमची लागेल, नाहीतर २ ची. दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्यांना पॅच सहसा २१ मिलिग्रॅमपासून सुरू करतात, मग १४, मग ७. पॅच दिवसभराचा पाया धरतो आणि मधेच तलफ आली तर गम, दोन्ही मिळून एकट्यापेक्षा जास्त काम करतात. गम खाण्याची पद्धत असते, सटासट चघळायची नाही, थोडी चावायची, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायची, चव गेली की परत चावायची. लोक ती साध्या च्युइंगमसारखी खातात, निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचकी आणि मळमळ होते आणि मग म्हणतात गमने काही होत नाही.

व्हॅरेनिक्लिनच्या गोळ्या प्रिस्क्रिप्शनवर मिळतात, सोडायच्या तारखेच्या एक आठवडा आधी सुरू करायच्या, डोस हळूहळू वाढवतात, कोर्स १२ आठवड्यांचा. मळमळ होते, म्हणून भरल्या पोटी आणि भरपूर पाण्याबरोबर घ्या. स्वप्नं विचित्र पडतात, ते चालायचं. ब्युप्रोपिऑन हा दुसरा पर्याय, पण कधी फिट आली असेल तर चालत नाही. हृदयाचा पेशंट आहे म्हणून निकोटिन पॅच घेणं धोक्याचं, असं बरेच जण धरून बसतात आणि सिगरेट ओढत राहतात, हे उलटंच आहे, पॅचमध्ये निकोटिन आहे पण धूर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही. व्हेपबद्दल (ई-सिगरेटबद्दल) मात्र माझं मत कडक आहे. उंदरांमध्ये नुसत्या निकोटिननेही एओर्टाचे फुगवटे वाढलेले दिसलेत, तेव्हा तीन महिने पॅच-गम घेऊन बाहेर पडणं वेगळं आणि वर्षानुवर्षं व्हेप तोंडात धरून बसणं वेगळं, एओर्टाच्या पेशंटने दुसरं करू नये.

पहिला आठवडा सगळ्यात वाईट, चिडचिड, झोप नाही, भूक जास्त, तीनचार आठवड्यांत बरंच निवळतं. एकेक तलफ काही मिनिटांचीच असते, तेवढी मिनिटं जागा बदला, पाणी प्या, कुणाला तरी फोन करा. आणि एक गोष्ट फार कमी लोक सांगतात, धुरामुळे शरीर कॅफिन लवकर बाहेर टाकत असतं, सिगरेट बंद केली की तेवढ्याच कॉफीत कॅफिन रक्तात जवळजवळ दुप्पट होतं, छातीत धडधडतं, झोप उडते, आणि माणसाला वाटतं हे सिगरेट सोडल्यामुळे होतंय. कॉफी-चहा निम्मा करा. ह्याच कारणाने थिओफायलिन, क्लोझापिन, ओलान्झापिन ह्या औषधांचे डोसही बदलावे लागू शकतात, ती चालू असतील तर डॉक्टरांना तारीख आधी कळवा.

मधेच एक ओढली गेली तर पाकीट विकत घेऊ नका, पॅच काढू नका, पुढची सिगरेट न ओढणं एवढंच त्या दिवसाचं काम. बऱ्याच जणांची पूर्ण सुटायच्या आधी अनेकदा सुटून परत लागलेली असते.

फुगवटा निघाला असेल तर रोजचं

बीपीची गोळी चुकवायची नाही. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) बहुतेकांना देतात, त्याने फुगवटा आकसत नाही पण हार्ट अटॅक आणि स्ट्रोक टळतात, आणि छोटा फुगवटा असलेली माणसं फुगवट्यापेक्षा त्यानेच जास्त जातात. चालणं, हलका व्यायाम चालू ठेवा. श्वास रोखून जड वजन उचलणं टाळा, त्या क्षणी बीपी खूप उसळतं. कुठल्याही इन्फेक्शनसाठी अँटीबायोटिक लिहून मिळालं तर आधी सांगा की मला एओर्टाचा फुगवटा आहे, कारण सिप्रोफ्लोक्सासिन, लिव्होफ्लोक्सासिन ह्या जातीच्या गोळ्यांबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये इशारा दिलाय, दुसरा पर्याय असेल तर तो घ्यावा असं.

ऑपरेशनची वेळ आलीच तर दोन मार्ग, पोट उघडून फुगलेला भाग बदलणं किंवा जांघेतल्या धमनीतून आत स्टेंट ग्राफ्ट (जाळीचा आधार असलेली कापडी नळी) बसवणं. पहिलं १९५१ मध्ये पॅरिसला शार्ल दुबोस्टने केलं, दुसरं १९९० मध्ये ब्यूनोस आयर्सला हुआन पारोदीने. स्टेंटने लवकर घरी जाता येतं पण त्यानंतर आयुष्यभर स्कॅन करत राहावं लागतं, हे आधी नीट समजून घ्या. कुठलंही असो, निदान चार आठवडे आधी सिगरेट बंद, नाहीतर फुफ्फुसाचे आणि जखमेचे त्रास वाढतात.

पोटात, पाठीत किंवा कुशीत अचानक जोरात दुखायला लागलं, घाम फुटला, चक्कर आली, पोटात नाडीसारखं काही उडतंय असं वाटलं, किंवा छातीत, दोन खांद्यांच्या मधे फाटल्यासारखी कळ आली, तर स्वतः गाडी चालवत जायचं नाही, अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची. तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य हेच: 'एओर्टाचा फुगवटा आहे, एवढ्या सेंटीमीटरचा, शेवटचा रिपोर्ट अमुक महिन्याचा.' साठीच्या पुढच्या, सिगरेट ओढणाऱ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच मुतखड्यासारखी कळ आली तर खडा म्हणून गप्प बसू नका, फुटणारी एओर्टा अगदी तशीच दुखते आणि घोटाळा इथेच होतो. छातीत-पाठीत फाटल्यासारखी कळ असेल तर मनाने अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, भिंत चिरलेली असेल तर रक्त पातळ करणारी गोळी नुकसान करते.

शेवटच्या रिपोर्टचा फोटो आपल्या आणि घरातल्या एकाच्या फोनमध्ये ठेवा. आणि तुम्हाला फुगवटा निघाला असेल तर भावाबहिणींना आजच कळवा, मुलांना त्यांच्या पन्नाशीच्या आसपास डॉक्टरांना विचारायला सांगून ठेवा, आणि त्यांच्यातलं कुणी सिगरेट ओढत असेल तर त्याला सोनोग्राफीला पहिल्यांदा न्या.